अठरा सेकंदांची नोकरी: निवृत्त आइस हॉकीपटूने टीव्हीवरचा विश्लेषक कसं व्हावं

खेळ थांबल्यावर खेळाडू बदलायला किती वेळ द्यायचा, हे एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या आइस हॉकी लीगच्या, नियमपुस्तकात बांधून दिलेलं आहे. पाहुण्या संघाला ५ सेकंद, मग यजमानांना ८ सेकंद, आणि लाइन्समनने शिट्टी वाजवली की फेसऑफच्या जागी (जिथे पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ पुन्हा सुरू होतो) उभं राहायला ५ सेकंद. एकूण १८. विश्लेषक, म्हणजे ज्याला तिकडे कलर कॉमेंटेटर म्हणतात, त्याची भाकरी या १८ सेकंदांवर भाजते. त्यातली पहिली तीन-चार सेकंदं शेजारचा मुख्य समालोचक शिट्टी कशासाठी झाली ते सांगण्यात घेतो, रिप्ले पडद्यावर यायला दोन-तीन जातात, आणि पक खाली पडण्याआधी तुमचं तोंड मिटलेलं असावं लागतं. तुमच्या हाती उरतात साधारण दहा.

पंधरा वर्षं ४५-४५ सेकंदांच्या शिफ्टमध्ये (एका दमात बर्फावर खेळायची पाळी) जगलेल्या माणसाला दहा सेकंद पुरायला हवीत. तरी बहुतेकांना पहिल्या मोसमात पुरत नाहीत. याचं कारण जिभेत नाही, सवयीत आहे. खेळाडू म्हणून तुम्ही शेकडो मुलाखती दिल्या आणि त्या सगळ्यांत एकच गोष्ट शिकलात: बोलायचं, पण काही सांगायचं नाही. ‘पक खोल टाकत राहिलो’, ‘एका वेळी एक शिफ्ट’, ‘सगळ्या मुलांनी मेहनत घेतली’. ड्रेसिंग रूममधलं काही बाहेर जाऊ नये म्हणून हे पाठ करून घेतलेलं असतं आणि खेळाडूला ते शोभतंही. विश्लेषकाच्या खुर्चीत मात्र तेच वाक्य म्हणजे वाया गेलेला रिप्ले. गोल कुणी केला हे प्रेक्षकाने पाहिलेलं असतं, तो का झाला एवढंच त्याला तुमच्याकडून हवं असतं.

कोणती खुर्ची

काम एकच वाटलं तरी खुर्च्या वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. वर बॉक्समध्ये मुख्य समालोचकाशेजारी बसणारा विश्लेषक संपूर्ण रिंक पाहतो. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फावर कोण कुठे उभा आहे, हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणालाच दिसत नाही, प्रशिक्षकालाही नाही. दोन बेंचच्या मधल्या खाचेत उभा राहणारा बर्फाच्या पातळीवर असतो. त्याला मांडणी कमी दिसते, पण माणसं जास्त दिसतात. स्टुडिओतला विश्लेषक मध्यंतरात बोलतो. एनएचएलमध्ये मध्यंतर १८ मिनिटांचं असतं, पण जाहिराती, आकडे आणि इतर मॅचच्या क्षणचित्रांतून एकेकाच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन मिनिटं येतात. रेडिओचा विश्लेषक चित्राविना काम करतो, म्हणून तिथे ‘हा बघा’ हा शब्दप्रयोगच बाद.

दीर्घ कारकीर्द असली की खुर्ची आपोआप मिळते हा समज सोडून द्या. डॉन चेरी एनएचएलमध्ये खेळाडू म्हणून एकच सामना खेळले, १९५५ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनकडून. तरी पुढे प्रशिक्षक आणि मग टीव्हीवरचं कॅनडातलं सर्वांत ओळखीचं तोंड झाले. उलट शेकडो गोल केलेले कित्येक जण एका मोसमात गळाले. हेन्रिक लुंडक्विस्ट २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एमएसजी नेटवर्कच्या स्टुडिओत बसले. नाव तेवढं मोठं असेल तर दार लवकर उघडतं. नसेल, तर ज्युनिअर हॉकी, एएचएल (एनएचएलच्या खालची लीग), विद्यापीठांचे सामने आणि रेडिओ ही खरी शाळा. चुका करायच्या त्या तिथेच करून घ्याव्यात, ऐकणारे कमी असतात.

आधी जुनी बोली उतरवा

पहिल्या महिन्यात कॅमेऱ्याची गरज नाही. एखादा जुना सामना लावा, आवाज बंद करा, आणि एका पूर्ण पीरियडवर, म्हणजे खेळाच्या २० मिनिटांवर, बोलून फोनवर रेकॉर्ड करा. नियम एकच: फक्त खेळ थांबल्यावर बोलायचं. मग ते ऐकत प्रत्येक वाक्य कागदावर उतरवा. हे कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच कुणी करत नाही. उतरवून झालं की तीन रंगांची पेनं घ्या. प्रेक्षकाला पडद्यावर आधीच दिसलेलं सांगणारी वाक्यं लाल, कुठल्याही सामन्यात कुठल्याही संघाबद्दल चालतील अशी वाक्यं निळी, आणि ‘का’चं उत्तर देणारी हिरवी. पहिल्या खेपेला पान बहुतेक लाल-निळंच असतं. पाच-सहा पीरियडनंतर दर तीन वाक्यांत एक हिरवं येऊ लागलं, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

दुसरी अडचण म्हणजे परिभाषा. एफ-वन, एफ-थ्री, हाफ-वॉल, वीक साइड, गॅप: हे शब्द तुमच्या अंगात भिनलेले आहेत, प्रेक्षकाच्या नाहीत. ते टाळायचे नाहीत. टाळले तर तुमच्यात आणि कुठल्याही उत्साही चाहत्यात फरक उरणार नाही. रात्रीतून एखाद-दुसरा शब्द निवडा, पहिल्यांदा वापरताना पाच-सहा शब्दांत उलगडा, आणि मग सामनाभर तोच वापरा. ‘एफ-थ्री, म्हणजे चढाईत सर्वांत मागे राहणारा तिसरा फॉरवर्ड’, एवढं पहिल्या पीरियडमध्ये सांगितलं की तिसऱ्या पीरियडमध्ये ‘एफ-थ्री कुठे होता?’ एवढ्या प्रश्नातच गोलाचं कारण कळतं.

आणि नियमपुस्तक पुन्हा वाचा. खेळाडूंना नियम येतात असं सगळे धरून चालतात, खुद्द खेळाडूही. प्रत्यक्षात त्यांना आपल्या काळातले नियम येतात. २०२०-२१ पूर्वी खेळलेल्याच्या डोक्यात अजून असतं की ऑफसाइड (पकच्या आधी प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात शिरणं) टाळायला मागचा स्केट निळ्या रेषेला टेकलेलाच हवा. आता तो रेषेच्या वर हवेत असला तरी चालतो. कोच चॅलेंज, म्हणजे प्रशिक्षकाने पंचांच्या निर्णयाला दिलेलं आव्हान, फसलं तर २ मिनिटांची पेनल्टी, त्याच सामन्यात पुन्हा फसलं तर ४ मिनिटांची. स्वतःच्या बचाव क्षेत्रातून पक थेट काचेवरून बाहेर मारला तर २ मिनिटं, मुद्दाम मारला की चुकून हा प्रश्नच नाही. थेट प्रक्षेपणात नियम चुकीचा सांगितला, तर उरलेला सामना लोक त्याचीच आठवण काढत ऐकतात.

तक्ता

प्रत्येक सामन्यासाठी एक मोठा कागद लागतो. टॅबलेटवर करणारे आहेत, पण बॉक्समध्ये एका नजरेत दोन्ही संघ दिसायला हवेत आणि त्यासाठी जाड कागदासारखं काही नाही. एका संघाचे २० खेळाडू पोशाखात असतात: १८ स्केटर आणि २ गोली, म्हणजे गोलरक्षक. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा. वर चार फॉरवर्ड लाइन, त्याखाली बचावाच्या तीन जोड्या, त्याखाली गोली. प्रत्येक चौकटीत जर्सीचा नंबर सर्वांत ठळक, मग आडनाव, काठी डाव्या हाताची की उजव्या, आणि एकच टीप. एकच. तीन लिहिल्या तर एकही वाचली जात नाही.

टीप कशी असावी? ‘गेल्या मोसमात २२ गोल’ ही वाईट टीप, कारण तो आकडा पडद्यावर येणारच आहे. ‘पक मिळण्याआधी डाव्या खांद्यावरून मागे बघतो’ ही चांगली. ती कुठल्याही आकडेवारीत नसते, आणि सामन्यात एकदा जरी तशी घडताना दिसली तरी तुमची सगळी तयारी वसूल झाली.

तळाशी दोन आडव्या पट्ट्या: पॉवर प्लेच्या (समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना आपला एक जास्त असतो तो काळ) दोन्ही तुकड्या आणि कोण कुठे उभा राहतो, तसंच पेनल्टीमुळे एक खेळाडू कमी असताना संघ चौकोन धरतो की डायमंड. सामन्याचा सूर इथेच ठरतो. नावांचे उच्चार शेजारी स्वतःच्या लिपीत लिहा. लीग उच्चारांची यादी देते, तरी शंका असेल तर सरळ त्या खेळाडूलाच विचारा. फिनलंड, चेकिया, स्लोव्हाकियातल्या आडनावांत अंदाज हमखास फसतो.

एक तक्ता करायला सुरुवातीला चार-पाच तास लागतात. तो दुसऱ्या कुणाकडून तयार करून घेऊ नका. तक्ता बघायला कमीच लागतो; तो लिहिताना जे डोक्यात बसतं त्यासाठीच तो करायचा असतो.

सामन्याची सकाळ

सकाळचा सराव साधारण साडेदहा-साडेअकराच्या सुमाराला असतो. तिथे तीन गोष्टी बघायच्या. पहिली, बर्फावरून आधी कोणता गोली बाहेर पडतो. रात्री खेळणारा गोली सहसा लवकर निघतो आणि दुसरा मागे थांबून जास्तीचे शॉट घेतो. दुसरी, सरावाच्या जर्सींचे रंग. एका लाइनचे तिघे सहसा एकाच रंगात असतात, त्यामुळे कालच्या जोड्या बदलल्या का ते लगेच कळतं. तिसरी, कोण पूर्ण ताकदीने वळत नाही. दुखापतीबद्दल संघ ‘शरीराचा वरचा भाग’ किंवा ‘खालचा भाग’ यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि तुम्हाला ओळखू आलं तरी तेवढ्यावर हवेत, म्हणजे प्रक्षेपणात, निदान करायचं नाही.

प्रशिक्षकाशी बोलताना प्रश्न खेळाडूसारखा विचारा, वार्ताहरासारखा नाही. ‘आज काय योजना?’ याला उत्तर मिळत नाही. ‘ते मधल्या भागात १-३-१ लावतात, तुम्ही पक टाकून देणार की उशिरा येणाऱ्याला देणार?’ याला मिळतं. आणि बोलणं संपताना प्रत्येक वेळी विचारा: यातलं हवेत काय सांगू? चार शब्दांचा हा प्रश्न न विचारल्याने जे दार बंद होतं ते मोसमभर उघडत नाही.

सामन्याआधीचा वॉर्मअप १६ मिनिटांचा. त्या वेळी तक्त्यावर शेवटच्या दुरुस्त्या करा, पेन्सिलीनेच.

हेडसेट, बटणं आणि ट्रक

हेडसेटचा माइक ओठांच्या कोपऱ्याशी, साधारण दोन बोटं लांब. थेट समोर धरला तर ‘प’ आणि ‘ब’ फुटतात. फार लांब ठेवला तर गर्दीचा आवाज तुमच्यावर चढतो आणि तुम्ही नकळत ओरडू लागता. तिसऱ्या पीरियडपर्यंत घसा बसतो तो त्यामुळे. पाणी साधं ठेवा, बर्फाचं नको. रिंकवरची हवा आधीच थंड आणि कोरडी असते.

समोर दोन बटणं असतात. एक खोकल्याचं: दाबून धरलं की तुमचा माइक हवेतून कटतो. दुसरं टॉकबॅकचं: दाबलं की तुमचं बोलणं फक्त बाहेर उभ्या प्रक्षेपणाच्या ट्रकमध्ये निर्मात्याला ऐकू जातं. नवशिक्यांचा सर्वांत महागडा घोटाळा म्हणजे एकाच्या जागी दुसरं दाबणं. दोन्हींवर वेगळ्या पोताची चिकटपट्टी लावा, बोटाला न बघता कळलं पाहिजे. आणि माइक अंगावर असेपर्यंत तो चालूच आहे असं समजून वागा, जाहिरात चालू असतानाही.

कानात एकाच वेळी सामन्याचा आवाज, सहकारी आणि निर्माता असतात. बोलत असताना कानात ‘दहा सेकंदांत ब्रेक’ ऐकू येईल, तेव्हा वाक्य न अडखळता गुंडाळायचं. हे शिकायचा घरगुती उपाय आहे: एखाद्याला शेजारी बसवून तो उलटी मोजणी करत असताना मोठ्याने बोलत राहा आणि शून्यावर वाक्य पूर्ण करा. पहिले दोन दिवस जमत नाही. आठवडाभरात जमतं.

प्रत्येक पीरियडमध्ये टीव्हीसाठी तीन ब्रेक ठरलेले असतात: ६, १० आणि १४ मिनिटं झाल्यानंतरच्या पहिल्या शिट्टीला. गोल झाला, आयसिंग झालं (पक मध्यरेषेच्या अलीकडून थेट पलीकडच्या गोलरेषेपार मारला गेला) किंवा पॉवर प्ले चालू असेल तर तो ब्रेक पुढच्या थांब्यावर ढकलला जातो. या दोन मिनिटांत फोन बघू नका. टॉकबॅकवरून निर्मात्याला सांगा: ‘चार मिनिटांपूर्वीचा निळ्यांचा लाइनबदल, वरच्या कॅमेऱ्यातून, बेंचची बाजू दिसेल असा काढून ठेवा.’ काय हवं, कधीचं, कोणत्या कोनातून; या क्रमाने मागितलं तर ट्रकमधला रिप्ले ऑपरेटर ते काढून ठेवतो. ‘मघाचा तो छान प्ले’ अशा मागणीवर त्याला काहीच करता येत नाही.

रिप्लेवर बोलणं

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, म्हणून जरा थांबून एक गोल उघडून बघू.

पॉवर प्ले चालू आहे, १-३-१ मांडणी: एक मागे, तिघे आडव्या रांगेत, एक गोलापाशी. पक डाव्या भिंतीजवळच्या खेळाडूकडे, एक जण स्लॉटच्या, म्हणजे गोलासमोरच्या जागेच्या, मध्यात, आणि उजवीकडे एक नेमबाज पहिल्याच स्पर्शात मारायला टपलेला. पास आडवा जातो, शॉट, गोल. सवयीने येणारं भाष्य असं: ‘काय पास! आणि काय शॉट! तिथून तो चुकत नाही, मोठे खेळाडू मोठ्या क्षणी असंच खेळतात.’ लाल, लाल, निळं.

आता हे बघा: ‘शॉट विसरा, हा १९ नंबर बघा. त्याची काठी आडव्या पासच्या वाटेवर आहे. स्लॉटमधला खेळाडू काठी आपटून पक मागतो, १९ मान वळवतो, काठी त्याच्यामागे जाते. वाट उघडली.’ बोलून बघा, दहा-बारा सेकंदांत बसतं. यात विशेषण एकही नाही. प्रेक्षकाला कुठे बघायचं ते आधी सांगितलं, मग चूक कुठल्या क्षणी झाली ते, आणि ज्याच्या काठीला पक लागलाही नाही अशा खेळाडूचं काम दाखवलं.

यातून काढायची रीत अशी. गोल झाला की पक बघू नका, एक पाऊल मागे जा: शॉटच्या आधीचा पास, आणि पासच्या आधी कुणाची मान किंवा काठी हलली. कारण बहुधा तिथेच सापडतं. रिप्लेही सहसा दोन येतात, आधी लांबून, मग जवळून. मांडणी लांबच्या चित्रात दिसते, म्हणून कारण तिथेच सांगून टाका. जवळचं चित्र येईल तेव्हा एखादा बारकावा पुरे. नवे विश्लेषक नेमकं उलटं करतात: लांबच्या चित्रावर कौतुक, आणि जवळच्या चित्रावर त्यात न दिसणारी मांडणी.

पडद्यावर रेघा काढायच्या यंत्राला, टेलिस्ट्रेटरला, हॉकीत लोकप्रिय केलं ते होवी मीकर यांनी. टोरॉन्टो मेपल लीफ्सचा हा खेळाडू, १९४७ चा सर्वोत्तम नवोदित, पुढे ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या टीव्ही कार्यक्रमात फीत थांबवून, मागे घेऊन चुका दाखवायचा, भल्याभल्यांना ते झोंबायचं. यंत्र आता सुधारलंय, मोह तोच आहे. एका चित्रावर दोन खुणांपेक्षा जास्त काढू नका: एक वर्तुळ आणि एक बाण. चित्र थांबवायचं ते पास काठीवरून सुटायच्या आधी, सुटल्यावर नाही. आधी काढा, मग बोला. दोन्ही एकदम करायला गेलात की वर्तुळ तिसऱ्याच माणसाभोवती पडतं.

पक पडला की गप्प. वाक्य अर्धं राहिलं असेल तर राहू द्या. मुख्य समालोचकाच्या आवाजावर चढून बोलणं ही या धंद्यातली सर्वांत मोठी असभ्यता आहे. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला हरवलं तेव्हा मुख्य समालोचक अल मायकल्स यांच्या शेजारी विश्लेषक म्हणून केन ड्रायडन होते, माँट्रियलसाठी सहा स्टॅनली कप (एनएचएलचा विजेतेपदाचा करंडक) जिंकून आदल्याच वर्षी निवृत्त झालेले गोली. त्या शेवटच्या मोजणीत जगाला आठवतो तो मायकल्स यांचा प्रश्न, ‘चमत्कारांवर विश्वास आहे का?’, आणि ते तसंच असायला हवं.

गोली असाल तर

गोली या कामात वारंवार पुढे जातात, आणि त्यात नवल नाही. उभं आयुष्य त्यांनी समोरचा खेळ वाचण्यात घालवलेलं असतं. २००३-०४ मध्ये ३३२ मिनिटं १ सेकंद एकही गोल न देणारे ब्रायन बूशे आणि केविन वीक्स ही ठळक उदाहरणं. न्यूयॉर्कचे माजी गोली स्टीव्ह व्हॅलिकेट यांनी तर गोलजाळ्याच्या मध्यातून निघणारी, बचाव क्षेत्राला उभं दुभागणारी एक काल्पनिक रेषा लोकांच्या डोक्यात बसवली: ‘रॉयल रोड’. पास ती रेषा ओलांडून गेला आणि लगेच शॉट आला तर गोलीला संपूर्ण अंग हलवावं लागतं, म्हणून गोलाची शक्यता एकदम वाढते. एक नाव, एक रेषा, आणि प्रेक्षक पुढचा प्रत्येक आडवा पास वेगळ्या नजरेने बघतो. विश्लेषकाने द्यायचं ते हेच.

गोलीचा धोका वेगळा. तो प्रत्येक गोलात गोलीला वाचवतो. ‘त्याला दिसलाच नाही’ हे दर वेळी खरं नसतं. खांबाला चिकटून एक पॅड बर्फावर आडवं टाकण्याची जी पद्धत आहे, रिव्हर्स व्हीएच, तिच्यात खांबाच्या बाजूचा वरचा कोपरा, खांद्याच्या वर, उघडा पडतो. गोली शॉटच्या आधीच खाली बसला असेल आणि पक तिथून गेला, तर ती त्याची चूक आहे. तसं सरळ म्हणा.

बेंचच्या मधोमध

इथे तुमच्यापुढे काच नसते. डोळे सतत पकवर, पाठ कधीही बर्फाकडे नाही, आणि कागद हाताळताना मान खाली फक्त खेळ थांबल्यावर. लांबच्या कोपऱ्यातलं इथून जवळपास दिसत नाही. तिकडे झालेल्या गोलावर मत द्यायची घाई करू नका, ते काम वरच्याचं. तुमचा माल दुसरा आहे. सहायक प्रशिक्षक टॅबलेटवर वाकलेत आणि एकाने मान हलवली, म्हणजे चॅलेंज येतंय. कुणी बेंचवर येऊन काठी बदलली, कुणाची शिफ्ट चुकवली गेली, कोण दार उघडायच्या आत उडी मारून बाहेर जातोय. कानावर पडलेली शिवी आणि खासगी बोलणं तिथेच सोडायचं.

इथे वाक्य आणखी लहान हवं, कारण बॉक्समध्ये आधीच दोघे आहेत. सात सेकंद. बोलायचं असलं की आधी टॉकबॅकवर निर्मात्याला सांगा, तो जागा करून देतो.

कालचे सहकारी, आजचे विषय

सर्वांत अवघड जागा ही. ज्याच्या लग्नात नाचलात त्याने आज दोन गोल घालवलेत. उपाय एकच चालतो: माणसावर नाही, कृतीवर बोला, आणि जे बोललात ते त्याच्या तोंडावर बोलता येईल असंच बोला. ‘तो आळशी आहे’ हे मत झालं. ‘पक गेल्यावर त्याने तीन पावलं स्केटिंग थांबवलं’ हे चित्रात दिसतं. दुसऱ्या दिवशी सरावाला स्वतः जा. टीका करून दोन आठवडे गायब होणाऱ्यावर ड्रेसिंग रूम कधीच विश्वास ठेवत नाही. जुन्या संघाबद्दल ‘आम्ही’ म्हणणं स्थानिक वाहिनीवर खपवून घेतात, राष्ट्रीय प्रक्षेपणात नाही. म्हणून ते मुळातूनच सोडा.

मारामारी आणि डोक्याला बसलेले मार यांवर जुन्या ड्रेसिंग रूमचे विनोद नकोत. खेळाडू बर्फावर पडून असेल तर पुन्हा पुन्हा रिप्ले मागू नका. आणि हॉकीबाहेरच्या विषयांवर उत्स्फूर्त बोलण्याची किंमत किती असते ते चेरींच्या बाबतीत दिसलं: सदतीसेक वर्षांच्या कार्यक्रमानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थलांतरितांबद्दलच्या शेऱ्यांवरून दोन दिवसांत त्यांना काढलं.

काम मागायला जाताना

नमुन्याची फीत तीन मिनिटांपेक्षा लांब नको. पहिल्या २० सेकंदांत तुमचा गोल नको, तुमचं विश्लेषण हवं. खेळाडू म्हणून तुम्ही कोण होतात ते त्यांना माहीत आहे. चार-पाच रिप्ले, त्यातला एक बचावाचा, एक गोलीचा, आणि एक जिथे तुम्ही आधी सांगितलं ते नंतर घडलं. बाकी सजावट, संगीत काही नको.

करारात पैसे कोण देतं ते नीट वाचा, संघ की वाहिनी. अमेरिकेत स्थानिक क्रीडा वाहिन्यांचं गणित गेल्या काही वर्षांत विस्कटलं आहे. २०२३ मध्ये व्हेगास गोल्डन नाइट्सचे स्थानिक सामने केबलवरून उठून मोफत प्रक्षेपणावर गेले. वाहिनी बुडाली तर तुमचं काय, हे आधीच लिहून घ्या. संघ पैसे देत असेल, तर संघावर टीका करायची मोकळीक किती, हेही तोंडी न ठेवता विचारा. बाहेरगावच्या सामन्यांना प्रत्यक्ष जायचं की स्टुडिओतून पडद्यावर बघून बोलायचं, ते स्पष्ट हवं. पडद्यावरून बोलताना कॅमेरा जे दाखवेल तेवढंच दिसतं, आणि गोलाचं कारण बऱ्याचदा चौकटीबाहेर असतं. अशा वेळी ट्रकमधून संपूर्ण रिंकचा स्थिर कॅमेरा वेगळ्या पडद्यावर द्यायला सांगा.

आणि काम मिळालेलं नसतानाही तक्ता तयार ठेवा. १४ ऑक्टोबर २००६ ला विश्लेषक हॅरी नील बफेलोच्या घरी बर्फवादळात अडकले, आणि ‘हॉकी नाइट इन कॅनडा’वर त्यांच्या जागी ऐनवेळी कॅसी कॅम्पबेल-पास्कल यांना बसवलं. ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं त्यांच्याकडे होती, पण त्या कार्यक्रमात विश्लेषकाच्या खुर्चीत बसणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री ठरल्या. अशा फोननंतर चार-पाच तासांचा तक्ता करायला वेळ नसतो. म्हणून गावात सामना असेल त्या प्रत्येक रात्री, बोलावणं नसलं तरी, दोन्ही संघांचे चाळीस खेळाडू कागदावर उतरवलेले असावेत आणि सोबत दोन पेन्सिली, एक खोडरबर.